कागदी ॲप आणि पर्यायी उपकरण

आमच्या नौकानयन क्लबात शर्यत कोण जिंकलं हे पाण्यावर ठरत नाही, काठावर ठरतं. होड्या अंतिम रेषा ओलांडतात तेव्हा मचाणावर बसलेले अध्यक्ष बहुधा कोणाला तरी जुन्या शर्यतीची गोष्ट सांगत असतात. खाली एकदम गलका झाला की ते मान वळवतात, जिच्या नावानं जास्त आरडाओरडा चाललेला असेल त्या होडीकडे बघतात आणि स्टॉपवॉच दाबतात. मग वेळ जाहीर होते, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. बाकी सगळं मी सहन केलं असतं. त्या शंभराव्या भागाचा मला फार राग येतो.

मी मापयंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कोणता तराजू खरं बोलतो आणि कोणता खोटं, हे मी सांगितलं की दुकानदार निमूटपणे ऐकतात. घरचे ऐकत नाहीत, पण घरच्यांवर शिक्का मारण्याची कायद्यात तरतूद नाही.

क्लबाचे अध्यक्ष माझ्या नणंदेचे यजमान. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. माझा नवरा त्याच क्लबात प्रौढांच्या चौघांच्या होडीत वल्हं मारतो, आणि शर्यतीच्या दिवशी मी काठावरच्या टेबलामागे उभी राहून चहा आणि सँडविच देते. असं कधी ठरलं नव्हतं. एका वर्षी कोणीतरी "वहिनी, जरा धरता का?" म्हणून माझ्या हातात चहाची किटली दिली. ती अजून माझ्याच हातात आहे.

टेबलाचा एक फायदा मात्र आहे. ते अंतिम रेषेच्या अगदी सरळ समोर येतं. मचाण येत नाही. ते झाडाच्या सावलीत हवं म्हणून जरा बाजूला बांधलंय, त्यामुळे तिथून रेषा तिरकी दिसते आणि जवळची होडी उगाच पुढे वाटते. गेल्या वर्षी नवऱ्याची होडी पहिली आली. मी टेबलामागून डोळ्यांनी पाहिलं. दाजींनी ती दुसरी जाहीर केली. नवरा क्लबात अवाक्षर बोलला नाही. घरी आल्यावर मात्र तो आजतागायत दुसऱ्या कशाबद्दल बोललेला नाही.

शेवटी एका रविवारी नणंदेकडे जेवताना मी म्हटलं, "निकाल नोंदवायला एक ॲप करू या. होडी रेषेवर आली की तिचा आकडा दाबायचा. वेळ आपोआप पडेल, हरकत कोणी घेतली तर तीही नोंदली जाईल."

दाजी हसले. बायकोच्या माहेरच्या माणसांसाठी त्यांनी एक खास हसू राखून ठेवलंय. "वहिनी, होडी म्हणजे काय भाजीचा तराजू आहे?"

"तराजू असता तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं ताटाकडे पाहिलं. दाजींनी हात पुसले आणि सगळ्यांदेखत पैज लावली. "तुमचं ॲप मी सांगेन त्या पाच माणसांनी कोणाच्याही मदतीशिवाय वापरून दाखवावं. पाचही जणांना जमलं, तर मचाणावरची माझ्या शेजारची खुर्ची तुमची. निकाल तुमच्यासमोर लागेल. एकाला जरी नाही जमलं, तर तुम्ही आपलं टेबल सांभाळायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"मान्य," मी म्हणाले. सगळ्यांना वाटलं मी चिडून बोलले. मी चिडले नव्हते. मी फक्त त्या खुर्चीतून रेषा किती तिरकी दिसत असेल याचा विचार करत होते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक इंजिनिअर बाई राहतात. ॲप बनवणं हाच त्यांचा उद्योग. मी कल्पना सांगितली तेव्हा मला वाटलं, त्या लगेच लॅपटॉप उघडतील. त्यांनी कात्री आणली.

"आधी कागदावर करा," त्या म्हणाल्या. "एक स्क्रीन म्हणजे एक कार्ड. माणूस कागदावरचं बटण बोटानं दाबेल, आणि आपल्यापैकी एक जण संगणक होऊन पुढचं कार्ड समोर ठेवेल. लोक कुठे अडतात ते बघायचं आणि गप्प बसायचं. सांगायचं नाही, सुचवायचं नाही, हसायचं नाही."

"आणि संगणक?"

"संगणक तर मुळीच बोलणार नाही. जे दाबलं जाईल त्याचंच कार्ड ठेवेल. भावना नाहीत, मत नाही."

माझ्या डोळ्यांसमोर लगेच नवरा आला. या कामाची तालीम तो लग्नापासून करत होता.

मी पट्टी लावून कार्डं आखली. एकावर शर्यत सुरू करण्याचं बटण, एकावर होड्यांचे आकडे, एकावर निकाल. एका कार्डावर ठळक अक्षरात लिहिलं, "तुमची खात्री आहे का?" आणि खाली हो, नाही.

"हे काढून टाका," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "लोकांना असं विचारलेलं आवडत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले, आणि ते ठेवलं.

त्याच्या बदल्यात त्यांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एक "मदत" बटण काढायला लावलं. ते दाबल्यावर काय यावं, हे मी विचारलं. "आत्ता कोरं कार्ड ठेवा. आधी कोणी दाबतंय का ते तर बघू."

आठवडाभर जेवणाच्या टेबलावर आमचा सराव चालला. शेजारच्या काकू साखर परत करायला आल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. "पत्ते का?" म्हणाल्या. मी समजावलं. त्यांनी दोन सूचना केल्या : बटणं गुलाबी करा, आणि निकाल सौम्य शब्दांत सांगा, हरणाऱ्याला लागतं. क्लबातले दंतवैद्यही डोकावले. ते नवऱ्याच्याच होडीचे राखीव खेळाडू, आणि आपला फोन नेहमी हातात धरून हिंडणारे. "हल्ली सगळं बोललं की होतं. बटणं वगैरे कोण दाबतं?" असं म्हणणाऱ्या या गृहस्थांनी आत येण्यासाठी बेलचं बटणच दाबलं होतं, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

सासूबाईंना काळजी वाटू लागली. त्यांनी मुलाकडे दोनदा पाणी मागितलं. त्यानं दोन्ही वेळा त्यांच्यापुढे कार्ड ठेवलं.

"याला बरं नाही का?"

"तो संगणक झालाय, आई."

"लग्नाआधी असा नव्हता," त्या म्हणाल्या.

चाचणी क्लबाच्या सभागृहात घ्यायची होती. क्लबाचा कारकून हा नियमांवर प्रेम करणारा माणूस आहे, नियम कशासाठी आहेत याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. त्यानं मला सांगितलं की सभागृह तीनच कारणांसाठी मिळतं : सभा, चहापान आणि शोकसभा. चाचणी असा प्रकार नाही.

"मग सभा लिहा."

"सभेला आधी नोटीस काढावी लागते. शर्यत होऊन जाईल तोवर."

"चहापान?"

"त्याला समितीची संमती लागते. शोकसभा मात्र लगेच मिळते. माणसं सांगून जात नाहीत ना."

मी शोकसभा घेतली. मग त्यानं उपकरणाचा अर्ज काढला. क्लबाच्या आवारात कोणतंही उपकरण आणायचं तर तो भरावाच लागतो. मी उपकरणाच्या जागी "कागद" लिहिलं आणि विजेच्या जागी "लागत नाही."

"वीज लागत नाही तर चालतं कशावर?"

"माझ्या नवऱ्यावर."

कारकुनानं क्षणभर विचार केला. "मग वजनात त्यांचं वजन धरावं लागेल."

मी धरलं. शेवटचा प्रश्न होता, चालवताना आवाज होतो का? तिथे मी पूर्ण विश्वासानं "नाही" लिहिलं. शास्त्र शिकलेल्या माणसानं पुराव्याआधी विश्वास ठेवू नये. पण माझ्याकडे पुरावा होता, इतक्या वर्षांचा होता.

चाचणीच्या सकाळी सभागृहाच्या दाराला "शोकसभा" अशी पाटी होती. लोक पाय न वाजवता आत येत होते. क्लबाचे एक वयस्कर सभासद पाटी वाचून आपण होऊन आले आणि मागच्या रांगेत मान खाली घालून बसले. मी त्यांना उठवलं नाही. सगळ्यात शिस्तीत तेच बसले होते.

मी टेबलावर दोरे ताणून त्यांत कागदी होड्या ओवल्या होत्या. एका टोकाला बसून मी होड्या ओढणार, दुसऱ्या टोकाला नवरा कार्डांचा गठ्ठा घेऊन बसणार, मध्ये चाचणी देणारा. इंजिनिअर बाई बाजूला पेन्सिल घेऊन. दाजींनी निवडलेली पाच माणसं म्हणजे शेजारच्या काकू, कारकून, दंतवैद्य, सासूबाई आणि पाचवे स्वतः दाजी. निवड चांगली होती. हरवायचं असतं तर मीही हीच निवडली असती.

"वापरताना मनात येईल ते मोठ्यानं बोला," इंजिनिअर बाईंनी काकूंना सांगितलं. असं काकूंना आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. पडदे धुवायला टाकले पाहिजेत, सुनेनं केस कापले ते तिला शोभत नाहीत, पहिली होडी जरा दमल्यासारखी वाटते, हे सगळं त्यांच्या मनात आलं आणि बाहेरही आलं. पण होडी रेषेवर येताच त्यांनी बरोबर आकडा दाबला. "हळूच दाबते हं, लागलं तर सांग," असं नवऱ्याला म्हणाल्या. तो गप्प राहिला.

कारकुनानं प्रत्येक कार्ड वाचलं, उलटून मागे काही आहे का पाहिलं, मग दाबलं. निकालाच्या कार्डावर त्यानं खिशातून शिक्का काढून मारला. नवरा गप्प राहिला.

दंतवैद्यांनी कार्डावर दोन बोटं ठेवून ती फाकवली. कागद मोठा झाला नाही. त्यांनी कार्ड बाजूला सरकवलं, ते जमिनीवर पडलं. "हँग झालंय," त्यांनी निदान केलं. मग "रीस्टार्ट करून बघतो," म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. नवऱ्यानं शांतपणे पहिलं कार्ड पुन्हा ठेवलं. मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला. अशी संधी सारखी मिळत नाही, म्हणून इथे नोंदवते. दंतवैद्यांनी मग सरळ बोटानं बटण दाबलं, बोलून नव्हे.

सासूबाई हाताची घडी घालून बसल्या. "आधी कोण जिंकलं ते सांगा, मग दाबते."

कोणी काही सांगितलं नाही. सांगायचं नाहीच, असं ठरलं होतं.

"म्हणजे मला ठाऊक नाही ते याला ठाऊक नाही? मग याचा उपयोग काय?"

इंजिनिअर बाईंनी पेन्सिल उचलून हे लिहून घेतलं. त्या दिवशीचा हाच सगळ्यात बरा प्रश्न होता. पण सासूबाईंनी दुधावर ठेवतात तशी नजर होड्यांवर ठेवली आणि अचूक दाबलं. समोर कार्ड आलं, "तुमची खात्री आहे का?"

"मला विचारतोस? आईला?"

नवऱ्यानं मान खाली घातली, पण तोंड उघडलं नाही. चौघे झाले होते. माझ्या आणि खुर्चीच्या मध्ये आता फक्त दाजी होते.

दाजी बसले, कोपऱ्यातल्या बटणावर बोट ठेवून सभागृहाकडे वळले. "हे मदत कशाला? आम्ही काय बुडतोय?" सगळे हसले. मागच्या रांगेतले वयस्कर सभासदही हसले आणि लगेच गंभीर झाले.

मी दोरे ओढू लागले. दाजींना तेवढ्यात त्यांच्या तरुणपणची, वल्हं तुटलं तरी जिंकलेली शर्यत आठवली. ती त्यांनी दंतवैद्यांना सांगायला घेतली. टेबलावर पाच नंबरची होडी रेषेवर आली, तिच्या मागोमाग तीन नंबरची. तुटलेल्या वल्ह्यापाशी पोचलेल्या दाजींनी काकूंचा "अगंबाई" ऐकला, वळले आणि तीन दाबलं.

तुमची खात्री आहे का?

"आहे म्हणजे काय!" म्हणत त्यांनी 'हो' दाबलं.

आता संगणकानं निकालाचं कार्ड ठेवायचं. तीन पहिली, पाच दुसरी. चूक असली तरी ती वापरणाऱ्याची चूक. तशी नोंद झाली असती, मला खुर्ची मिळाली असती आणि तिथून पुढचं मी पाहिलं असतं. पण संगणक हातात कार्ड धरून बसून राहिला. त्याचे कान लाल झाले. गेल्या वर्षी त्याच्या होडीचा नंबरही पाचच होता.

"दाजी, तुम्ही बघतच नव्हता!" संगणक म्हणाला. "गेल्या वर्षीही बघत नव्हता! त्याच्या आदल्या वर्षी तर तुम्ही मचाणावर नव्हताच, खाली सँडविच खात होतात!"

सभागृहात खऱ्या शोकसभेसारखी शांतता पसरली. इंजिनिअर बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

दाजींचा चेहरा आधी पडला. पण माणूस उगाच अध्यक्ष होत नाही. मेहुणा बोलला असता तर तो अपमान होता. यंत्र बोललं ही प्रगती होती. दाजींनी प्रगतीची बाजू घेतली.

"कमाल आहे!" ते टाळी वाजवून उठले. "आपलं लक्ष नाही हे याला कळलं! बघितलंत? अशी गोष्ट क्लबात हवीच. मंजूर!"

टाळ्या वाजल्या. काकूंनी माझे हात हातात घेतले. सगळं मिटलं होतं, आणि एवढ्यात मी बोलले. "ही चाचणी बाद आहे. संगणकानं मदत केली. पाचपैकी चौघांनाच जमलं."

कोणी विचारलं नव्हतं. पण लोक खूष आहेत म्हणून मी चुकलेल्या तराजूवर शिक्का मारत नाही. नवरा घरी जाताना म्हणाला, "तू कशाला बोललीस? कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं."

"माझ्या आलं होतं," मी म्हणाले. "आणि तू कशाला बोललास?"

यावर मात्र संगणक पुन्हा गप्प झाला.

दाजींनी माझा प्रामाणिकपणा जाहीरपणे वाखाणला आणि त्याप्रमाणे मला टेबल दिलं. समितीनं ॲप स्वीकारलं, आहे तसं, नवऱ्यासकट. इंजिनिअर बाईंनी विचारलं, आता खरं ॲप बनवायचं का? "कशाला?" दाजी म्हणाले. "हे चालतंय की. चार्जही करावं लागत नाही." त्या बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. वर्षानुवर्षं लोकांचं ऐकून घेण्याचं त्यांचं शास्त्र आहे. लोकांनी त्यांना त्या दिवशी पूर्ण ऐकवलं.

शर्यतीच्या दिवशी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून मचाणावर गेला. होडीतली त्याची जागा अर्थातच राखीव खेळाडूला मिळाली, म्हणजे दंतवैद्यांना. याचा त्यानं आधी विचार केला नव्हता. मी केला होता, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

सकाळच्या शर्यती बऱ्या गेल्या. एकदा संगणकानं वरून खूण करून चहा मागवला. एकदा संगणक नाश्त्याला गेल्यामुळे निकाल थांबला आणि त्याबद्दल ध्वनिक्षेपकावरून दिलगिरी व्यक्त झाली. मी सँडविच वाटत होते आणि रेषेकडे बघत होते. सवय जात नाही.

मग प्रौढांची प्राथमिक फेरी आली. पाच नंबरची होडी वळणावरून दिसली. नवऱ्याच्या जागेवर दंतवैद्य पाणी उडवत होते. नवरा खुर्चीवर उभा राहिला. "ओढा! अहो, मान खाली नका घालू, ओढा!" असं तो ओरडला, दोन्ही हात वर केले, आणि कार्डांचा गठ्ठा मचाणावरून सुटून काही काठावर, काही पाण्यात पडला.

तीन नंबरच्या होडीच्या कप्तानानं ताबडतोब हरकत घेतली : यंत्र पक्षपाती आहे.

कारकून नियम घेऊन आला. अंगावर काटा यावा इतका तो आनंदात होता. "उपकरण बिघडल्यास पर्यायी उपकरण लावावे," त्यानं वाचलं. "नसल्यास शर्यत रद्द."

"दुसऱ्या कोणाला कार्डांचा क्रम माहीत आहे का?" दाजींनी वरून विचारलं.

हळूहळू सगळी डोकी टेबलाकडे वळली.

माझ्या हातात किटली होती. शेजारी नणंद उभी होती. "ताई, जरा धरता का?" मी म्हणाले. त्यांनी धरली. अशा गोष्टी अशाच सुरू होतात.

कारकुनानं शिडीच्या पायथ्याशी मला थांबवून अर्ज काढला. "पर्यायी उपकरण. वजन?"

"ते राहू द्या."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मग नवऱ्याचंच ठेवा."

"चालवताना आवाज होतो का?"

"नाही," मी म्हणाले, आणि वर चढले.

"वहिनी," दाजी प्रेमळपणे म्हणाले, "आता तुम्ही यंत्र. काही बोलायचं नाही हं."

"हे मला नवीन नाही," असं मी मनात म्हटलं. यंत्राला मन नसतं, पण हे यंत्र आत्ताच बसवलं होतं, अजून रुळलं नव्हतं.

मी ओली कार्डं पुसून क्रम लावला. मग खुर्ची उचलून मचाणाच्या अगदी टोकाला नेली आणि दोन्ही काठांवरचे रेषेचे खांब एकामागे एक दिसेपर्यंत कठड्याबाहेर झुकले. "यंत्र सरकतंय," कारकुनानं खालून इशारा दिला. नियमात सरकण्याबद्दल काही नव्हतं. इतकी वर्षं त्या मचाणावरून रेषा सरळ दिसू शकत होती. फक्त सावली सोडून उन्हात बसावं लागत होतं.

अंतिम फेरी सुटली. होड्या वळणावरून पुढे आल्या, पाच आणि तीन अगदी बरोबरीनं. दाजींनी शेजारच्या पाहुण्यांना तुटलेल्या वल्ह्याची गोष्ट सांगायला घेतली. खाली काठावर, यंत्रपणातून मुक्त झालेला माझा नवरा पाचच्या नावानं अख्ख्या काठापेक्षा मोठ्यानं ओरडत होता. तीन नंबरच्या होडीचं टोक रेषेवर आलं. मग पाचचं.

दाजींनी गलका ऐकला, वळले, आणि पाच दाबलं.

मी कार्ड ठेवलं. तुमची खात्री आहे का?

"हो," दाजींनी दाबलं.

मी पुन्हा तेच कार्ड ठेवलं.

"मघाशी विचारलं ना?" हो.

मी पुन्हा ठेवलं. नियम मोडत नव्हते. हे कार्ड किती वेळा ठेवायचं, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

"हँग झालंय!" होडीतून धापा टाकत दंतवैद्य ओरडले. "रीस्टार्ट करा!" दाजींनी माझ्या खांद्यांकडे पाहिलं आणि विचार बदलला.

काठ शांत होऊ लागला. दाजींचं बोट 'हो'वर गेलं, तिथेच थांबलं. हा प्रश्न त्यांना आयुष्यात इतक्या वेळा लागोपाठ कोणीच विचारला नसावा, नणंदेनंसुद्धा नाही. ते माझ्याकडे वाकले. "वहिनी, काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"साहेब," कारकून खालून म्हणाला, "उपकरणाशी खासगीत बोलता येत नाही."

दाजींनी पाण्याकडे पाहिलं. होड्या केव्हाच पुढे जाऊन थांबल्या होत्या आणि दोन्ही होड्यांतले आठही जण वल्ही टेकवून वर बघत होते. दाजींनी या वेळी 'नाही'चं बटण दाबलं. मी होड्यांचे आकडे समोर ठेवले. तीन, पाच. त्यांनी तीनवर बोट नेलं, पाचवर नेलं, परत घेतलं. कपाळ पुसलं. मग त्यांची नजर कार्डाच्या कोपऱ्यात गेली. कोणी बघतंय का म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळेच बघत होते.

त्यांनी मदत दाबलं.

मी कोरं कार्ड ठेवलं. तेवढंच होतं.

"यावर काहीच नाही," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी बघितलं नाही, वहिनी. कोण आली पहिली?"

"तीन," मी म्हणाले. "पाच हातभर मागे होती."

दाजींनी ध्वनिक्षेपक उचलला. "पहिली, तीन," त्यांनी जाहीर केलं. वेळ सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग त्यांनी स्टॉपवॉच गळ्यातून काढून कार्डांशेजारी ठेवलं, घसा कोरडा पडलाय म्हणाले आणि खाली चहाला गेले. उरलेल्या शर्यतींना ते वर आले नाहीत. दुपारनंतर नणंदेच्या हातून किटली कोणी घेतली असेल, तर ती त्यांनीच, आणि मला वाटतं, फक्त धरायला.

नवरा त्या दिवसापासून घरी पुन्हा एकच गोष्ट बोलतो. विषय तेवढा बदलला आहे. हातभर म्हणजे कोणाचा हात, असं तो विचारतो.

सगळं आवरल्यावर कारकून शिडी चढून वर आला. अर्ज त्याच्या हातात होता, चेहऱ्यावर खरी व्यथा होती.

"यात आवाज होत नाही असं लिहिलंय. मी स्वतः ऐकलं. दुरुस्ती केल्याशिवाय पुढच्या वर्षी हे उपकरण मचाणावर ठेवता येणार नाही. काय लिहू?"

मी उन्हात बसले होते. दोन्ही खांब अजून एकामागे एक दिसत होते.

"लिहा," मी म्हणाले. "विचारलं तर होतो."